काका, चार्जिंग संपलं काय?

काल पन्हाळ्याजवळ वाघबीळच्या चढाला माझ्या यामाहा आरएक्स हंड्रेडनं जीव सोडला. तिसऱ्यात खेचत होतो, रस्ता मोकळा, आणि एकदम आवाज पातळ झाला, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यागत, म्हटलं कायतरी गडबड आहे, पण क्लच दाबेपर्यंत मागचं चाक चर्रर्र करून जाग्यावर धरलं. किक खालीच जाईना. प्लग काढला तर पांढराफटक, खडू, म्हणजे इंजिन पेट्रोलाविना तापलेलं. चॉकलेटी प्लग शेवटचा कधी बघितला ते आठवायला लागतंय आता.

इथवर ठीक होतं. टू-स्ट्रोक पाळायची म्हणजे कधीतरी सीज होणार, पिस्टन चिकटणार, मान्य. पण मी गाडी वळवतोय, घाम डोळ्यात, आणि मागनं एक पोरगं आलं, मिसरूड नीट फुटलेलं नाही, बुडाखाली इलेक्ट्रिक स्कूटर, आवाज नाही काय नाही, भूत आल्यागत शेजारी येऊन थांबलं आणि विचारतंय, "काका, चार्जिंग संपलं काय?" चार्जिंग! आरएक्स हंड्रेडला! एवढा लांब सायलेन्सर दिसतोय, किक बाहेर लोंबतेय, प्लग माझ्या हातात आहे, तरी चार्जिंग! बरं कुचेष्टा केली असती तर दोन शिव्या घालून मोकळा झालो असतो, पण पोरगं खरंच मदतीला थांबलेलं. "बसा काका, पाय लावतो." म्हणजे 94 मॉडेलचा मालक, एकेकाळी ह्याच घाटात बुलेटवाल्यांना धूर दाखवणारा, बॅटरीच्या खेळण्याच्या जोरावर केर्लीपर्यंत आला. निघताना म्हणतंय, अजून अडुसष्ट टक्के आहे. मी विचारलं नव्हतं.

आणि हे सगळं कशामुळं, तर त्या पेट्रोलमुळं. पेट्रोल तरी कशाला म्हणायचं. 2022 ला दहा टक्के इथेनॉल झालं तेव्हा गुपचूप कार्बोरेटरच्या निडलची क्लिप एक खाच खाली घेतली, पेट्रोल जरा जास्त जावं म्हणून, म्हटलं चालवून घेऊ. मग वीस टक्के. ते म्हणे 2030 ला व्हायचं होतं, पाच वर्षं आधीच करून दाखवलं. आमच्या गल्लीतलं गटार कधी पाच दिवस आधी झालेलं बघितलं नाही मी, पण माझा पिस्टन चिकटवायचं काम मात्र वेळेआधी! नवीन गाड्यांना सेन्सर असतोय, तो वास घेऊन पेट्रोल वाढवतो. माझ्या कार्बोरेटरला काय नाक आहे? पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं भोक आहे तेवढंच आहे. साधं पेट्रोल एक भाग जाळायला हवा 14.7 भाग लागते, ह्या सरबताला साडेतेराच्या आसपासच, म्हणजे बसल्या जागी गाडी लीन, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. आणि टीव्हीवर भांडण कशावर, तर मायलेजवर! अरे मायलेजसाठी कोण आरएक्स ठेवतं का?

रबराचं तर बोलूच नका. पेट्रोलची नळी हाताला चिकटतेय, कॉकचं वायसर फुगून भजी झालंय, फ्लोट बाऊलचं पॅकिंग एकदा काढलं की परत बसत नाही. नवीन आणलं तर ते डुप्लिकेट. पिस्टन पण तसाच, खोक्यावर जपान लिहिलेलं आणि जपानचं स्पेलिंग चुकलेलं. पंपावर पेट्रोलात मिसळायचं टूटी ऑइल मागितलं तर पोरगं विचारतंय ते कुठल्या गाडीत घालतात. आणि शंभर ऑक्टेनवाल्या भारी पेट्रोलात इथेनॉल नसतं म्हणतात, पण ते लिटरमागं दीडशेच्या वर, त्या पैशात मी आणि बायको मिसळ खाऊन येतो.

तर हे सगळं मिस्त्रीसमोर जोरजोरात बोलत होतो. तो काही न बोलता कार्बोरेटर उघडत होता. बाऊलच्या तळाला पांढरा चिखल आणि पाण्याचे मणी. "जूनपासनं उभी होती काय?" होती. दसऱ्यालाच बाहेर काढली. टाकी फुल करून ठेवलेली, गंज चढू नये म्हणून, आणि कॉक बंद करायचा राहिला. मग त्यानं एअर फिल्टर बघितला. तो ओपन फिल्टर मीच बसवलाय, 2019 ला, पिकअप वाढतो म्हणून, जेट न बदलता. म्हणजे गाडी लीन करायला सुरुवात कुणी केली, तर आम्ही स्वतः. मी जरा गप्प झालो.

पण मिस्त्री थांबतोय होय. "पेट्रोलला कशाला शिव्या देताय, दोन एकर ऊस कुठं घालताय?" कारखान्याला. कारखान्याची डिस्टिलरी आहे. गेल्या हंगामात इथेनॉलच्या नफ्यातला वाटा द्या म्हणून रस्त्यावर बसलेल्यात मी पुढच्या रांगेत होतो, फोटो पण आहे. हल्ली मक्याचं इथेनॉल पण बरंच असतंय असं म्हणून बघितलं, त्यानं नुसतं माझ्याकडं बघितलं.

सिलेंडर काढला तर एक्झॉस्टच्या बाजूला नखांनी ओरबाडल्यागत रेघा. पॉइंट पाच ओव्हरसाइझ पिस्टन, बोअरिंग, जेट दोन नंबर मोठा, सगळ्या नळ्या नव्या, आणि तो फिल्टर काढून जुना डबा परत. आकडा ऐकून मी खुर्चीत बसलो. मिस्त्री म्हणाला, घाई नाही, उसाचं बिल आल्यावर द्या. आमची तोड अजून आलेली नाही.