'गल्लीतला भंगारवाला': एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आफ्रिकेतल्या कलाकारांचं काम दाखवणाऱ्या लंडनच्या ऑक्टोबर गॅलरीवर मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. उत्तराला तीन दिवस लावले, कारण त्याच रात्री लिहिलं असतं तर नको ते लिहून बसलो असतो.

आधी तुमचं बरोबर आहे ते. बाटल्यांच्या झाकणांचे पडदे घडवणारे शिल्पकार एल अनात्सुई यांना व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनाचा सुवर्णसिंह पुरस्कार २००७ साली मिळाला असं मी लिहिलं होतं. तो जीवनगौरव २०१५चा. २००७ मध्ये तिथल्या फोर्तुनी वाड्याच्या दर्शनी भिंतीवर त्यांचा झाकणांचा पडदा लटकला होता, तिथे माझी गल्लत झाली. दुरुस्त केलंय. आभार.

आता तुमचं ते वाक्य. 'झाकणं ओवून कला होत असेल तर आमच्या गल्लीतल्या भंगारवाल्यालाही कलाकार म्हणावं लागेल.' मतभेद असू द्या हो, पण हा सूर कुठला? माझ्या वडिलांचं पुण्यात जुन्या बाजारात भंगाराचं दुकान होतं. शाळा सुटली की मी पोत्यावर बसून माल निवडायचो. पितळ एकीकडे, अल्युमिनियम एकीकडे, तांब्याची तार सगळ्यात जपून. तारेवरचं प्लास्टिक जाळताना बोटं भाजून घेतली आहेत. भंगार म्हणजे काय, हे निदान मला तरी सांगू नका.

आमच्याकडे झाकण आलं की त्याचं वजन व्हायचं, बास. ते कुठल्या बाटलीचं, ती कुणी रिचवली, हे कुणी विचारत नसे. अनात्सुई तेच विचारतात. जन्म घानातला, १९७५ पासून नायजेरियात न्सुक्काच्या विद्यापीठात शिल्पकला शिकवली, आणि तिथेच दारूच्या बाटल्यांच्या झाकणांचं एक पोतं त्यांच्या हाती लागलं. युरोपच्या व्यापाऱ्यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दारू आणली आणि तिच्या बदल्यात माणसंसुद्धा नेली. तीच दारू त्या झाकणांना चिकटलेली आहे. झाकण चपटं करायचं, भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने शेजारच्याशी बांधायचं. अशी हजारो झाकणं, कितीतरी हात. 'ओवून' म्हणे!

२०२४च्या जानेवारीत मुलीकडे गेलो होतो, तेव्हा लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या टर्बाइन हॉलमध्ये अनात्सुईंचं काम पाहिलं. आत शिरताच वाऱ्याने फुगल्यासारखं प्रचंड तांबडं शीड. पार टोकाला छतापासून जमिनीपर्यंत उतरलेली काळी भिंत. तिच्या जवळ गेलो आणि तारेचा पीळ बघत उभा राहिलो. पोत्याचं तोंड बांधताना वडील असाच पीळ द्यायचे. मुलगी दोनदा हाक मारून गेली म्हणे, मला ऐकू आली नाही. 'फोटो बघून लिहिलेला लेख' असं तुम्ही म्हणालात, म्हणून हे सांगावं लागलं.

लेखातले दुसरे कलाकार, बेनिनचे रोमुआल्द हाझूमे, यांच्या डब्यांना तुम्ही 'टाकाऊतून टिकाऊ' म्हटलंत. बेनिनमध्ये नायजेरियातून चोरटं पेट्रोल दुचाकीवरून आणतात, ते हे प्लास्टिकचे डबे. जास्त मावावं म्हणून ते तापवून फुगवतात आणि फुटेपर्यंत वापरतात. असे ३०४ डबे त्यांनी मुखवट्यांसारखे, गुलाम वाहणाऱ्या ब्रूक्स जहाजाच्या आराखड्याप्रमाणे मांडले. ते काम ब्रिटिश म्युझियमने विकत घेतलं. शाळेतल्या हस्तकलेच्या तासाचं नाव याला देऊ नका.

राहिला प्रश्न गॅलरीच्या कमिशनचा, आणि आफ्रिकेची कला लंडनने का विकावी याचा. गॅलरी विकते आणि आपला वाटा घेते, सगळीकडे असंच चालतं. ही गॅलरी १९७९ पासून आहे आणि नव्वदच्या दशकापासून अनात्सुईंचं काम दाखवते आहे, जेव्हा त्यांना बाहेर फार कुणी विचारत नव्हतं. मला एवढं पुरेसं वाटतं. आफ्रिकेतल्या '५४ देशांना एकच लेबल' या तुमच्या मुद्द्यावर पुन्हा कधीतरी.

तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही, उडवणारही नाही. मात्र 'भंगारवाला' हा शब्द शिवीसारखा वापरून पुन्हा इथे काही लिहिलंत, तर ते काढून टाकीन.