‘ग्रूमिंग हा आठ महिन्यांचा धंदा’ म्हणणाऱ्यांना

दिवाळीचा फराळ संपत आला की आमच्या कुत्र्यांच्या ग्रूमिंगच्या, म्हणजे त्यांना अंघोळ घालून केस-नखं कापून देण्याच्या, धंद्यातल्या लोकांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला तीन ग्रुपवर आला. मजकूर थोडक्यात असा: ‘थंडीत कुत्र्याला अंघोळ घालायची नसते, केस कापायचे नसतात, गोचीडही थंडीत मरतात. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी कामं निम्म्या दरात घ्या, पोरांना सुट्टी द्या. उन्हाळा लागला की गिऱ्हाईक आपोआप परत येतं.’

मी नाशिकला दोन टेबलांचं दुकान चालवते. ज्या निफाडचा पारा घसरला की पेपरात बातमी येते, ते आमच्यापासून तासाभरावर. तेव्हा थंडीचं कौतुक मला सांगू नका.

आधी अंघोळ. कुत्र्याला अंघोळ बाधत नाही, ओल बाधते. लॅब्राडॉर किंवा जर्मन शेफर्डला वरच्या केसांखाली लोकरीसारखा दाट थर असतो. टॉवेलने खसाखसा पुसलं तरी तो आत ओलाच राहतो. वरून हात फिरवला तर कोरडा वाटेल, पण केस दोन बोटांनी फाकवून बघा. असा कुत्रा संध्याकाळी गॅलरीत सोडला की कुडकुडतो आणि घरचे म्हणतात, बघा, अंघोळ बाधली.

मेसेज लिहिणाऱ्याचं गणित इथेच उलटं झालंय. मे महिन्यात माणूस गच्चीवर पाइप लावून स्वतःच कुत्रा धुतो. डिसेंबरात त्याला गिझर, हेअर ड्रायर आणि दोन तास हवेत, शिवाय बायकोची बोलणी वेगळी. आपल्याकडे कोमट पाणी आहे, ब्लोअर आहे. मग आपली खरी गरज कधी? मी थंडीत अकरा ते तीन एवढ्याच वेळात ओली कामं घेते, म्हणजे कुत्रा घरी जाईस्तोवर ऊन असतं. ब्लोअरची हवा कोमट ठेवते. गरम झोताने कातडी कोरडी पडते, आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तर तो झोत जिवावर बेतू शकतो. फोनवर ‘ताई, थंडीत कशाला?’ असं विचारलं की मी एवढंच सांगते, ‘काकू, पूर्ण वाळल्याशिवाय सोडणार नाही.’ निम्म्या जणी तिथेच वेळ ठरवतात.

थंडीत केस कापू नका म्हणणारे सांगतात, ‘केस म्हणजे देवाने दिलेला स्वेटर.’ हे मात्र अर्धं खरं. हस्की, पॉमेरियन, गोल्डन रिट्रीव्हर यांचे केस मुळापासून काढूच नयेत, थंडीत नाही आणि उन्हाळ्यातही नाही. पण ऊब केसांत नसते, मोकळ्या केसांमध्ये अडकलेल्या हवेत असते. केसांच्या जटा झाल्या की ती हवा जाते आणि आत ओल धरते.

गेल्या जानेवारीत एक शिह त्झू आला होता. अंगात लाल विणलेला स्वेटर, तीन आठवडे उतरवलेला नाही. उतरवला तर पुढच्या पायांच्या काखेत नमद्यासारखा एकजीव थर, कंगव्याचा दातही शिरेना. क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या मशीनने, तो हळूहळू सोलावा लागला, खालची कातडी लालबुंद. बिचारं ऐन थंडीत उघडंबोडकं घरी गेलं. केस कापायचे नाहीत म्हणून थांबले आणि शेवटी सगळेच काढावे लागले. स्वेटर घालणाऱ्या प्रत्येकाला मी आता सांगते: रोज रात्री उतरवा, काखेत आणि कानांमागे ब्रश फिरवा, दर पंधरा दिवसांनी आणून दाखवा.

गोचीड थंडीत मरतात? बर्फाच्या देशाचं माहीत असेल तर तिथलं बोला. आपल्याकडे कुत्र्यांवर दिसणारी तपकिरी गोचीड घरातच सुखाने राहते. मादी भिंतीच्या फटीत, सोफ्यामागे हजारांनी अंडी घालते, तिला बाहेरच्या पाऱ्याचं देणंघेणं नाही. पुढे.

आता निम्मा दर. समजा एका कामाचे १००० रुपये घेता आणि शाम्पू, वीज, पाणी तापवणं, मदतनीसाचा वाटा मिळून ४०० जातात. हातात ६०० उरतात. दर ५०० केला की उरतात १००. एका कुत्र्याची कमाई करायला सहा कुत्री धुवा. त्यात थंडीत वाळवायला वेळ जास्त, म्हणजे विजेचं बिलही जास्त. वर मार्चमध्ये परत १००० मागितले की गिऱ्हाईक म्हणणार, ‘परवापर्यंत तर पाचशेच होते!’

दर पाडण्यापेक्षा काम छोटं करा. मी थंडीत बिनपाण्याची अर्ध्या तासाची फेरी ठेवते: नखं, कान, पंजाच्या गाद्यांमधले केस, अंगभर ब्रश. थंडीत फिरणं कमी होतं, नखं रस्त्यावर घासली जात नाहीत. वरच्या अंगठ्याचं नख तर चालताना जमिनीला लागतच नाही, कापलं नाही तर ते गोल वळून कातडीत घुसतं. गाद्यांमधले केस वाढले की कुत्रं फरशीवर घसरतं. एवढं दाखवलं की थंडीतही यायला लोकांना कारण मिळतं.

पोरांना सुट्टी देण्याबद्दल काय बोलायचं? कात्रीवर हात बसायला कित्येक महिने जातात. बसलेला हात चार महिने घरी बसत नाही, तो दुसऱ्याच्या दुकानात दिसतो.

आणि ‘आपोआप परत येतं’ म्हणे. येतं, पण चार महिन्यांच्या जटा घेऊन. दोन-तीन तास त्यात जातात, त्याचे जादा पैसे मागितले की भांडण, केस काढले तर ‘असा का दिसतोय?’ म्हणून पुन्हा भांडण. त्यापेक्षा निघतानाच पुढची तारीख द्या. ‘सहा आठवड्यांनी या’ म्हटलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही. ‘संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी’ राहतं. लग्नसराईत माणसं गावाला जातात, तेव्हा जाण्याआधीची आणि आल्यावरची अशा दोन तारखा मी आधीच भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवते.

एक कबूल करते. दिवाळीनंतरचा आठवडा-दहा दिवस खरंच शुकशुकाट असतो. त्याला थंडी जबाबदार नाही, लोक गावी असतात. तेव्हा मी क्लिपरच्या पात्यांना धार लावून घेते, ब्लोअरमधला केसांचा बोळा काढते. खोकणारा म्हातारा लॅब, लसीकरण पूर्ण न झालेलं पिल्लू यांना थंडीत ओलं करायला मी आजही नाही म्हणते. त्यांची नखं तेवढी कापून देते.