‘एकदा होऊन गेलं की शरीर पक्कं होतं’: नाही होत

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. शेवटचा आला तो घरच्या ग्रुपवर, माझ्या मावसभावाकडून, खाली ‘ताई, तू तर वाचच’ असं लिहून. मी एकतीस वर्षं उपकेंद्रावर आरोग्यसेविका होते. गावात मला नर्सबाई म्हणायचे, आजही म्हणतात. म्हणून त्याने मला मुद्दाम वाचायला सांगितलं. वाचलं, दोनदा वाचलं, आणि रात्री झोप लागली नाही.

मेसेज लांबलचक आहे, पण सांगणं एवढंच आहे: कोरोना ही साधी सर्दी होती, माणसं भीतीने आणि औषधांनी गेली. विषाणू आपोआप सौम्य होत जातात. आजार एकदा अंगावर काढला की शरीर पक्कं होतं, म्हणून पोरांना गोवर-कांजिण्या होऊ द्याव्यात, लस टोचू नये. तरुण माणसं चालता-बोलता कोसळतात ती लसीमुळे. आणि आता सगळं संपलेलं असताना नवनवे आजार दाखवून लोकांना घाबरवलं जातंय.

एकेक मुद्दा घेते.

साधी सर्दी होती, म्हणे. कोरोनाने किती गेले यावर वाद घालता येतो, दाखल्यावर काय कारण लिहिलं यावरही घालता येतो. म्हणून तो आकडा बाजूला ठेवा. ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत मृत्यूची नोंद होते, कारण कुठलंही असो. देशभरातल्या या नोंदी २०१९ मध्ये सुमारे ७६ लाख होत्या, २०२० मध्ये ८१ लाख झाल्या आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. एका वर्षात एकवीस लाखांची उडी. नोंदणी दरवर्षी थोडी सुधारते हे खरं, पण सुधारणा अशी एका वर्षात उडी मारत नाही. आणि त्या वर्षीच्या एप्रिल-मे महिन्यांत स्मशानाबाहेर लागलेल्या रांगा आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत.

‘औषधांनी गेली’ यातला एक धागा मात्र मी मान्य करते. दुसऱ्या लाटेत स्टेरॉइड गरज नसताना आणि नको इतके दिवस दिली गेली. साखर आटोक्यात नसलेल्या रुग्णांना म्युकरमायकोसिस म्हणजे काळ्या बुरशीचा आजार झाला, काहींचे डोळे काढावे लागले, जबडे काढावे लागले. महाराष्ट्रात अशा रुग्णांची संख्या मोठी होती. उपचारात चूक झाली हे त्यावरून सिद्ध होतं. आजार साधा होता हे होत नाही. साध्या सर्दीत कुणाचा ऑक्सिजन ऐंशीवर येत नाही.

विषाणू आपोआप सौम्य होतो, हा दुसरा मुद्दा. याला उत्तर आपल्या राज्यातच आहे. जगभर ज्याला डेल्टा म्हणून ओळखलं गेलं, तो विषाणू पहिल्यांदा सापडला तो महाराष्ट्रातल्या नमुन्यांत. पहिल्या लाटेनंतर आला आणि पहिल्यापेक्षा जास्त माणसं घेऊन गेला. १९१८ च्या इन्फ्लुएंझाचंही तेच. जूनमध्ये मुंबईत आला तेव्हा तुलनेने सौम्य होता, पावसाळा सरता सरता परत आला तेव्हा घरंच्या घरं रिकामी झाली. देवीचा रोग तर हजारो वर्षं माणसात राहिला, तो कधी मऊ पडला? भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ चा. देवी गेली ती लसीने, गावोगाव फिरून टोचणाऱ्या लोकांमुळे. आज कोरोना बहुतेकांना चार दिवसांच्या तापावर सोडतो, हे खरंच आहे. पण त्यात आपल्या शरीराची त्याच्याशी झालेली ओळख मोठी आहे, आणि ती ओळख कोट्यवधी लोकांना लसीने, जिवाची जोखीम न घेता करून दिली.

आता तिसरा मुद्दा. शरीर पक्कं होतं. माझं सगळं भांडण या वाक्याशी आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझ्या हद्दीत ऊसतोड मजुरांचा तळ पडायचा. पाचटाच्या कोप्या, चुलीचा धूर, आणि मुलं. फिरतीवरच्या या मुलांची लस नेहमी चुकायची. एका वर्षी तळावर गोवर आला. दोन वर्षांचा एक मुलगा चांगला बरा झाला, पुरळ काळपट पडून सालं निघाली, आईने कडुलिंबाचा पाला घालून डोक्यावरून आंघोळ घातली. ‘गेल्या बया,’ म्हणजे गोवराच्या देवी गेल्या, म्हणाली मला, हसत होती. तीन आठवड्यांनी मी पुन्हा तळावर गेले तेव्हा तोच मुलगा तिच्या मांडीवर होता आणि त्याचं पोट उडत होतं. हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. श्वास घेताना बरगड्यांखालची कातडी आत जाते, नाकपुड्या फुलतात, आणि मूल रडत नाही, कारण रडायला दम उरलेला नसतो. ट्रॅक्टरवरून तालुक्याला नेलं. तो वाचला. त्याच तळावरची एक मुलगी जुलाबाने गेली, तीही गोवरातून उठलेली होती.

तेव्हा आम्ही म्हणायचो, गोवराने मूल कमजोर होतं. नेमकं काय होतं ते पुढे कळलं. गोवराचा विषाणू ज्या पेशींमध्ये शरीराची आठवण साठवलेली असते, त्याच पेशींवर हल्ला करतो. आधी होऊन गेलेल्या आजारांशी कसं लढायचं, हे शरीर विसरतं. नेदरलँड्समधल्या, लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवराआधी आणि नंतर तपासलं गेलं. त्यांच्या रक्तातल्या जुन्या प्रतिपिंडांपैकी, म्हणजे आजाराला ओळखून लढणाऱ्या घटकांपैकी, ११ ते ७३ टक्के नाहीसे झाले होते. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. हे नुकसान भरून यायला दोन-तीन वर्षं लागतात. गोवर होऊन गेल्यावर पुन्हा गोवर होत नाही, हे मेसेजमधलं वाक्य बरोबर आहे. पण त्या बदल्यात बाकीच्या आजारांची दारं सताड उघडतात, ते त्यात लिहिलेलं नाही. लसीत ही किंमत मोजावी लागत नाही.

डेंग्यूचं तर उलटंच आहे. त्याचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की दुसऱ्या प्रकाराचा डेंग्यू जास्त घातक होण्याची शक्यता वाढते. ‘मला गेल्या वर्षी होऊन गेलाय, आता काय होतंय’ म्हणणाऱ्याला जास्त जपावं लागतं. कोरोना एकेकाला तीन-तीनदा झालेला आपण पाहतोच. आणि तो झाला की दर वेळी ताप उतरण्याबरोबर संपतोच असं नाही. तीन महिने उलटले तरी दम लागणं, थकवा, डोकं जड राहणं, काही आठवेनासं होणं यातून न सुटलेली माणसं आहेत. डॉक्टर त्याला लाँग कोविड म्हणतात. घरचे त्याला आळस म्हणतात. आमच्या शेजारची सून, शाळेत शिकवते, दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गापर्यंत जाताना मधल्या पायरीवर बसायची. वर्षभर. तपासण्या सगळ्या नॉर्मल, आणि म्हणून कुणाचा विश्वास नाही.

चौथा मुद्दा सगळ्यात जास्त पसरलेला: तरुणांचे हार्ट अटॅक. ज्यांच्या घरातलं माणूस असं गेलंय, त्यांच्या दुःखाशी मला वाद घालायचा नाही. कारण शोधावंसं वाटणं साहजिक आहे. ते शोधलंही गेलं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने म्हणजे आयसीएमआरने देशातल्या ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयाच्या, अचानक मृत्यू आलेल्या ७२९ जणांची माहिती घेतली आणि तसेच, पण जिवंत असलेल्या २,९१६ जणांशी ताडून पाहिली. २०२३ च्या अखेरीला निष्कर्ष छापून आले. लसीमुळे धोका वाढलेला दिसला नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो कमी दिसला. धोका कशाने वाढलेला दिसला? कोरोनाने रुग्णालयात दाखल व्हावं लागलेलं असणं. घराण्यात कुणी असं अचानक गेलेलं असणं. शेवटच्या दोन दिवसांत अति दारू पिणं किंवा अंगाला झेपणार नाही इतकी मेहनत करणं.

म्हणजे बोट दाखवायचंच तर ते लसीकडे जात नाही, आजाराकडे जातं. अमेरिकेत दीड लाखांहून अधिक कोरोना होऊन गेलेल्या माजी सैनिकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वर्षभरात हृदयविकार, पक्षाघात, रक्ताच्या गाठी यांचं प्रमाण न झालेल्यांपेक्षा जास्त निघालं. त्यात बहुतेक उतारवयाचे पुरुष होते, त्यामुळे आकडा जसाच्या तसा आपल्या पोरांना लावू नये. पण दिशा कळते.

लसीचे दुष्परिणाम मी लपवणार नाही. कोविशिल्ड ज्या कंपनीच्या सूत्रावर बनली, तिने रक्तात गाठी होऊन प्लेटलेट घटण्याचा दुर्मीळ प्रकार या लसीने होऊ शकतो, हे ब्रिटनच्या न्यायालयात मान्य केलं आहे. असे मृत्यू झाले आहेत आणि ते कुणाचे तरी आई-बाप होते. पण हा प्रकार दिसतो तो डोसनंतरच्या काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत. चार वर्षांनी लग्नात नाचताना कोसळलेल्या माणसाचं कारण तिथे शोधून उपयोग नाही. उलट, तसं शोधत बसलं की त्याचा रक्तदाब, त्याची साखर, छातीत दुखलं तेव्हा ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून घालवलेले दोन तास, हे कुणी विचारतच नाही. त्याच्या धाकट्या भावाचा ईसीजी काढायचा राहून जातो.

शेवटचा मुद्दा, की आता सगळं संपलंय आणि नवे आजार दाखवले जातायत. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात माणसांचे हातपाय लुळे पडू लागले. गिया बारे सिंड्रोम. दोनशेहून जास्त रुग्ण झाले, काही दगावले. तेव्हाही हाच मेसेज वेगळ्या कपड्यात फिरत होता, की हा लसीचा परिणाम. तपासणीत रुग्णांमध्ये कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला, आणि बोट गेलं दूषित पाण्याकडे. हा जिवाणू पोट बिघडवतो. जुलाब तीन-चार दिवसांत थांबतात, माणूस कामाला लागतो. मग आठ-पंधरा दिवसांनी, त्या जिवाणूशी लढायला तयार झालेलं शरीर चुकून स्वतःच्याच नसांवर उलटतं. पायाला मुंग्या, मग जिना चढता येईना, मग व्हेंटिलेटर. ‘होऊन गेलं, शरीर पक्कं झालं’ म्हणणाऱ्याने त्या अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या बायकोला हे वाक्य म्हणून दाखवावं.

आणि जे जुने आहेत ते कुठे गेलेत? देशात २०१९ मध्ये क्षयाचे २४ लाख रुग्ण नोंदले गेले, २०२० मध्ये १८ लाख. क्षय कमी झाला नव्हता. लॉकडाउनमध्ये थुंकी तपासायला माणूस पोचला नव्हता. ते सहा लाख लोक घरात खोकत राहिले, आणि घरात मुलं होती. २०२३ मध्ये जगात क्षयाने साडेबारा लाख माणसं गेली. जगातल्या दर चार रुग्णांपैकी एक आपल्या देशातला आहे.

गोवराचंही तसंच. २०२० च्या एप्रिलमध्ये आमची गावातली लसीकरण सत्रं थांबली. मी कपाटातल्या नोंदवहीत बघायची, तारखेसमोर नाव आणि नावासमोर कोरी चौकट. पुढे सत्रं सुरू झाली तरी आया घाबरून येईनात, काही कुटुंबं गावच सोडून गेली होती. त्या कोऱ्या चौकटी २०२२ च्या हिवाळ्यात गोवंडीत दिसल्या, भिवंडीत दिसल्या, मालेगावात दिसल्या. मुंबईत तर नऊ महिन्यांची वाट न बघता सहा महिन्यांच्या बाळांना जादा डोस द्यायची वेळ आली. गोवराचा एक रुग्ण, आजूबाजूला लस न घेतलेले असतील तर, बारा ते अठरा जणांना लागण करतो. शंभरातल्या पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस मिळाले तरच तो थांबतो. चार-पाच घरांनी एखाद्या मेसेजवर विश्वास ठेवला, तर एका वाडीत हे गणित मोडायला तेवढं पुरतं.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं नाही. भावाला फोन केला. त्याचा नातू सतरा महिन्यांचा आहे. म्हटलं, सुनेला सांग, लसीकरणाचं कार्ड काढ आणि मला वाचून दाखव. ती प्लॅस्टिकची पिशवी उघडल्याचा आवाज फोनवर ऐकू आला. गोवर-रुबेलाचा नऊ महिन्यांचा डोस होता, तारखेसकट. दुसरा सोळाव्या महिन्यापासून देतात, त्याची चौकट कोरी होती. ‘त्या मेसेजमुळे थांबलो होतो, आत्या,’ ती म्हणाली. मी म्हटलं, उशीर झालेला नाही, हा डोस चोवीस महिन्यांपर्यंत वेळेतच धरतात, आणि त्यानंतर राहिला तरी पाच वर्षांपर्यंत देता येतो. त्यांच्या अंगणवाडीत बुधवारी सत्र असतं. मी मंगळवारी मुक्कामाला जाते आहे.