दोरी राहू द्या, फक्त तिचं काम बदला

नमस्कार,

स्मार्ट बल्बवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया तिखट आहे आणि निम्मी तरी रास्त आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पडवीतल्या, दोरी ओढून चालू-बंद करायच्या होल्डरला मोबाइलवरून चालणारा स्मार्ट बल्ब लावला. घरातलं कुणी ना कुणी सवयीने दोरी ओढतं आणि मोबाइलवर बल्ब ‘ऑफलाइन’. पावसात गेलेली लाइट रात्री दोनला आली की बल्ब लख्ख पेटतो. एकदा तर तो नुसताच लुकलुकत बसला आणि पुन्हा पहिल्यापासून जोडावा लागला. तेव्हा वेंगुर्ल्यात हे शहरी चोचले नकोत, दोरीच बरी.

दोरी बरी, हे मलाही मान्य आहे. मूळ लेखात मी बल्बचं कौतुक केलं आणि दोरीचा विषय एका ओळीत उरकला, ती चूक माझी. पण तुम्ही ज्याला बल्बचा बिघाड म्हणता, तो बिघाड नाही. बहुतेक स्मार्ट बल्ब ओळीने तीन ते पाच वेळा चालू-बंद केले की जुनी जोडणी विसरून नव्याने जोडून घ्यायला तयार होतात. लुकलुकणं ही त्याचीच खूण. आपल्याकडे वाऱ्यात फांदी तारेला घासली की लाइट तीन-चारदा येते-जाते. बल्बला वाटतं, मालकानेच रिसेट केलं! मध्यरात्री पेटण्यावर मात्र उपाय आहे: ॲपच्या सेटिंगमध्ये वीज परत आल्यावर बल्बने काय करायचं ते ठरवता येतं, तिथे ‘शेवटची स्थिती’ निवडा. ज्या बल्बला ही सोय नाही तो झोपायच्या खोलीत लावू नये.

आता मूळ दुखणं. दोरी वीजच तोडते, आणि वीज तुटली की बल्बचं वाय-फायही मेलं. म्हणून दोरीने वीज तोडायची नाही, नुसता इशारा द्यायचा. त्यासाठी साधा बल्ब आणि वर छोटं रिले मॉड्यूल, म्हणजे वाय-फायवरून दिवा चालू-बंद करणारी डबी, लावायचं. मॉड्यूलला फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात. भिंतीवर नुसत्या दिव्याच्या बटणाची डबी असेल तर तिच्यात बऱ्याचदा न्यूट्रल नसतो. दोरीच्या होल्डरपाशी मात्र दोन्ही वायरी आलेल्या असतात, कारण खटका होल्डरच्या पोटातच असतो. म्हणजे जुनी दोरी इथे अडचण नाही, सोय आहे.

पण त्या होल्डरचा खटका वेगळा काढता येत नाही. त्याच्या जागी साधा बी-२२ (नेहमीच्या दोन पिनांच्या बल्बचा) होल्डर आणि शेजारी छताला लावायचा दोरीचा सुटा स्विच घ्या. आलेला फेज मॉड्यूलच्या ‘एल इन’ला, न्यूट्रल ‘एन’ला; ‘एल आउट’मधून १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर होल्डरला, आणि होल्डरच्या दुसऱ्या टोकाला थेट न्यूट्रल. दोरीच्या स्विचच्या दोन वायरी मॉड्यूलच्या स्विच इनपुटला. इथे माहितीपत्रक वाचल्याशिवाय हात घालू नका. काही मॉड्यूलच्या इनपुटला स्विचमधून फेजच द्यावा लागतो. काहींच्या ‘एस १-एस २’ टोकांना फक्त कोरा खटका, म्हणजे बाहेरून वीज न दिलेला, चालतो. तिथे चुकून फेज दिला की मॉड्यूल जागीच जळतं. कोरा खटका म्हणून त्या वायरी सुरक्षित समजू नका, मेन चालू असताना त्याही हात लावण्याजोग्या नसतात.

दोरीचा स्विच एका ओढीत चालू होतो, दुसऱ्या ओढीत बंद. ॲपमध्ये इनपुटचा प्रकार ‘प्रत्येक बदलाला दिवा उलटव’ असा ठेवा. नाहीतर मोबाइलवरून दिवा बंद केल्यावर पहिली ओढ फुकट जाते, आणि घरातली वडीलधारी मंडळी म्हणणार, बिघडलं. हे एकदा नीट बसलं की इंटरनेट गेलं तरी दोरी चालतेच.

खरं काम वायरीपाशी आहे. जुन्या लाकडी पट्टीवरच्या वायरिंगचा गोल गुटका उघडला की पितळी स्क्रूंवर खाऱ्या हवेने हिरवा थर चढलेला दिसतो, आणि वायरीवरचं रबर वाकवताच भाजल्या पापडासारखं तुटतं. त्या रबराला टेप गुंडाळून जोड मारू नका. तेवढा फेरा बोर्डापर्यंत नव्या वायरीचा करा. वायर ॲल्युमिनियमची असेल तर तांब्याशी नुसती पिळून जोडू नका. दमट हवेत तो जोड सैल होतो आणि तापतो. फेज-न्यूट्रल उलटे असणं जुन्या घरात नवलाचं नाही. टेस्टरच्या मिणमिणत्या दिव्यावर न जाता मल्टिमीटरने तपासा. आणि हे सगळं लायसन्सवाल्या वायरमनकडून; ही तपासणी सोडून बाकी काम मेन बंद करून.

मॉड्यूल लाकडी गुटक्यात मावत नाही, कोंबूही नये. प्लास्टिकची खोल गोल डबी घ्या. धातूच्या डबीत सिग्नल कोंडतो. वायरी जातात ती भोकं बंद करा, नाहीतर पहिल्या पावसाआधीच मुंग्या आत घर करतात. पाल शिरली तर विचारूच नका. राउटर २.४ गिगाहर्ट्झवर हवा, आणि चिऱ्याच्या दोन जाड भिंती मध्ये असतील तर पडवीपर्यंत सिग्नल येतो का, ते मॉड्यूल घेण्याआधीच मोबाइल हातात धरून बघा. घरात स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर त्याच्या लाइनवर मॉड्यूल टाकू नका. मॉड्यूलच्या आतला स्वस्त वीजपुरवठा तापू शकतो.

विजांचं म्हणाल तर मे महिन्यात आणि परतीच्या पावसात मॉड्यूल जाऊ शकतं. मेनला सर्ज प्रोटेक्टर (अचानक वाढलेला दाब अडवणारा) लावता येतो, पण अर्थिंग धड नसेल तर तो नावालाच. आधी अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच), मग बाकीचे लाड.

न्हाणीघरातल्या आणि माळ्यावरच्या दिव्याबद्दल मात्र तुमचंच खरं. न्हाणीतल्या वाफेत मॉड्यूल नकोच, आणि माळ्यावर नारळ काढायला आठवड्यातून एकदा चढणाऱ्याला दोरी पुरते.