पाकिटावरचा एक रुपया

"बाबा, लॉग एक्सचं इंटिग्रेशन किती?"

रात्रीचे साडेदहा. बारावीला गणितात मला किती मार्क होते हे घरात मीच इतक्यांदा ऐकवलंय, की पळवाट नव्हती.

"वन अपॉन एक्स."

"ते डेरिव्हेटिव्ह झालं."

मी टीव्ही बंद केला. "बाय पार्ट्स कर." दोन फंक्शनचा गुणाकार असला की वापरायची ती रीत: पहिल्याचं डेरिव्हेटिव्ह घ्यायचं, दुसऱ्याचं इंटिग्रेशन.

"पार्ट्स कुठेत? लॉग एकटाच आहे."

तेवढ्यात आतून बायकोचा आवाज आला, "अहो, उद्याच्या लग्नाचं पाकीट भरतेय. एक रुपयाचं नाणं आहे का?"

डोक्यात लख्ख उजेड पडला! पाचशेची नोट आपण नुसती देतो का? वर एक रुपया लागतोच. लॉगशेजारीही तो असतो, फक्त कुणी लिहीत नाही. एक गुणिले लॉग एक्स. झाले दोन पार्ट्स.

आता पहिलं फंक्शन कोणतं? मी लबाडीने एक घेतला. त्याचं डेरिव्हेटिव्ह शून्य, मागची सगळी कटकट गुल. पण सूत्रात दुसऱ्याचं इंटिग्रेशन लागतं, आणि दुसरा होता लॉग. म्हणजे पत्ता विचारावा आणि समोरच्याने "त्याच घरी जाऊन विचारा" म्हणावं, तशी गत.

लेकीने वहीचं पहिलं पान उघडलं. लाल शाईत 'लायेट', पहिलं फंक्शन निवडायचा क्रम: लॉग, इन्व्हर्स, अल्जेब्रिक, ट्रिगोनोमेट्रिक, एक्स्पोनेन्शियल. म्हणजे पहिल्या पंगतीचा मान लॉगचा. बरोबरच आहे, डेरिव्हेटिव्ह घेतलं की हा तऱ्हेवाईक प्राणी वन अपॉन एक्स होऊन माणसात येतो. एकाचं इंटिग्रेशन एक्स. एक्स गुणिले वन अपॉन एक्स, काटाकाट, उरला पुन्हा एक. उत्तर: एक्स लॉग एक्स वजा एक्स.

"प्लस सी," लेक म्हणाली. शेवटी जोडायचा तो स्थिरांक मी तेव्हाही विसरायचो.

मग मला चेव चढला. लॉग एक्सचा वर्ग! दोनदा बाय पार्ट्स, शेवटी अधिक दोन एक्स यायला हवं, माझं वजा आलं. कंसाबाहेरचा वजा आत शिरताना मला दरवेळी चकवतो. इंग्रज गणिती ब्रूक टेलरने बाय पार्ट्सची ही रीत १७१५ मध्ये छापली. तीनशे वर्षांत तेवढा वजा कुणी दुरुस्त केला नाही.

"आता शेवटचं," लेक जांभई देत म्हणाली. "लॉग एक्सच, पण लिमिट एक ते ई."

ई म्हणजे ज्याचा लॉग एक, ती संख्या. ई घातला: ई वजा ई, शून्य. एक घातला: लॉग एक शून्य, उरला वजा एक. शून्यातून वजा एक वजा केला. (या वेळी दोनदा तपासून.)

"अहो, मिळाला का एक रुपया?"

"मिळाला, आई," लेक म्हणाली. "वहीत आहे."