खुलासा: बेंथम यांचं वाक्य भर घालून फिरतंय

‘प्राण्यांना विचार करता येतो का, बोलता येतं का, हा प्रश्न नाही, त्यांना यातना होतात का, हा आहे. म्हणून मांसाहार पाप. – जेरेमी बेंथम’ असा मेसेज फिरतोय. पहिलं वाक्य इंग्रज तत्त्वज्ञ बेंथम यांचंच, १७८९ च्या नीती आणि कायद्यावरच्या ग्रंथातलं, १७ व्या प्रकरणाच्या तळटीपेतलं. ‘म्हणून’पासून पुढचं मात्र कुणीतरी चिकटवलेलं. त्याच तळटीपेत, आधीच्या ओळींत, बेंथम उलट सांगतात: प्राणी खायला हरकत नाही, पुढच्या संकटाची धास्ती त्यांना आपल्यासारखी नसते, आणि आपल्या हातचं मरण निसर्गातल्या मरणापेक्षा सहसा झटपट, कमी वेदनेचं असतं. प्राण्यांच्या छळाला मात्र बेंथम यांचा ठाम विरोध होता. शाकाहाराची बाजू जरूर मांडा, पण त्यांच्या नावावर नको. तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.