पहिले आठ सेकंद

आमच्या घरातल्या तिघांना एका गाण्याचे पहिले आठ सेकंद तोंडपाठ आहेत. बासरीचा एक लहानसा तुकडा, मागून एक थाप, आणि मग गायिका श्वास घेते. ती श्वास घेते तेवढ्यात मी गाणं बंद करतो, कारण मला काय हवं ते तोवर कळलेलं असतं: आवाज आला की नाही आला. आला नाही तर तेच दुरुस्त करायचं असतं. आला तर दुसरं काहीतरी बिघडलेलं असतं. नवव्या सेकंदाला ती काय गाते, हे आमच्या घरात बरेच दिवस कोणालाच माहीत नव्हतं. ते सगळ्यांत आधी माझ्या ऑफिसातल्या अकरा जणांना कळलं. त्याचं पुढे सांगतो.

सुरुवात एका चित्रापासून झाली. कोणीतरी आपल्या स्क्रीनचा फोटो टाकला होता. काळीभोर खिडकी, वर गाण्यांची यादी, खाली रंगीत पट्ट्या नाचतायत. फोटोत त्या नाचत नव्हत्या, पण नाचत असणार हे दिसत होतं. एक बटण नाही, माउसचं नावही नाही. माझ्याकडे चांगला चालणारा, अल्बमची चित्रं दाखवणारा प्लेयर होता. त्या क्षणापासून तो मला लहान मुलांचं खेळणं वाटायला लागला. बायकोला सांगितलं, की तो फार मेमरी खातो. आपल्याकडे मेमरी भरपूर आहे, हे तिला माहीत नव्हतं आणि मलाही त्या वेळी आठवलं नाही.

टर्मिनलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या त्या काळ्या, नुसतं टाइप करायच्या खिडकीत, गाणी वाजवण्याचे सोपे मार्ग आहेत, हे आधीच कबूल करतो. सीमस नावाचा प्लेयर मी एका कमांडने बसवला, त्याला गाण्यांचा फोल्डर दाखवला, आणि तो वाजायला लागला. कीबोर्डची सगळ्यांत खालची ओळ घ्यायची: झेड म्हणजे मागचं गाणं, एक्स म्हणजे वाजव, सी म्हणजे थांब, व्ही म्हणजे बंद, बी म्हणजे पुढचं. दोन मिनिटांत सगळं हाताशी आलं. मी आठ सेकंद ऐकलं आणि माझा चेहरा पडला. एवढंच? ना एखादी फाइल लिहावी लागली, ना कशाने नकार दिला. दुसऱ्या दिवशी मी तो काढून टाकला.

आणि एमपीडीकडे वळलो. म्युझिक प्लेयर डीमन. हा २००३ सालापासून आहे आणि याला तोंडच नाही. हा पडद्यामागे बसतो, गाण्यांची नोंदवही ठेवतो आणि वाजवतो. त्याला काही सांगायचं तर क्लायंट नावाचा वेगळा प्रोग्राम लागतो. मी निवडलेल्या क्लायंटचं नाव एनसीएमपीसीपीपी. ते मी मोठ्याने उच्चारलं तेव्हा मुलीने विचारलं, "बाबा, पासवर्ड आहे का हा?" तर हे दोघे एकमेकांशी ६६०० क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे मशीनच्या एका ठरलेल्या दारावरून, बोलतात. म्हणजे मी मांडीवरच्या लॅपटॉपला त्याच लॅपटॉपवरून निरोप धाडतो, की गाणं लाव. यामागचा विचार चांगला आहे: गाणी आणि स्पीकर एका मशीनला जोडलेले, आणि हुकूम कुठल्याही खोलीतून. आमच्याकडे मशीन एक आणि हुकूम सोडणाराही एकच, पण म्हणून काय झालं!

डीमन हा शब्द एमआयटीतल्या मंडळींनी १९६३च्या सुमारास उचलला, तो भौतिकशास्त्रातल्या मॅक्सवेलच्या काल्पनिक भुतावरून, जे एका जागी बसून रेणू निवडत राहतं. भूत हा शब्द मला पहिल्याच रात्री पटला.

भुताला जागं करण्याआधी एमपीडी डॉट कॉन्फ नावाची फाइल लिहायची असते. सोबत नमुना मिळतो. त्यात सगळं असतं, फक्त जवळजवळ प्रत्येक ओळीपुढे हॅशची खूण असते, म्हणजे सगळं असतं आणि काहीच चालू नसतं. गाणी कुठे आहेत, नोंदवही कुठे ठेवायची, प्लेलिस्ट कुठे, तक्रारी कुठे लिहायच्या, आणि बंद होताना काय वाजत होतं ते कुठे टिपून ठेवायचं. (हे शेवटचं लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.) मी एका ठिकाणाहून दहा ओळी उचलून चिकटवल्या. भुताने चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. मी ती ओळ वीस वेळा वाचली. अक्षरन् अक्षर बरोबर. शेवटी कळलं, की उचललेल्या मजकुरातली अवतरणचिन्हं छापील वळणाची, नाजूक वाकलेली होती, आणि याला लागतात ती सरळ, खिळ्यासारखी. सुंदर टंकरचनेवर मी त्या रात्री मनापासून चिडलो.

पुढची तक्रार: पत्ता आधीच वापरात आहे. ६६०० वर कोणीतरी आधीच बसलेलं. कोण? तर दुसरा एमपीडी. मी तो बसवल्याबरोबर सिस्टीमने परस्पर आपला एक चालू करून टाकला होता. त्याला गाणी विचारली तर तो म्हणाला, शून्य. तो स्वतःच्या वेगळ्या खात्यावर चालतो आणि माझ्या होम फोल्डरचं दार त्याला बंद. ते दार कधीतरी सुरक्षेवरचं काहीबाही वाचून मीच लावलेलं. मी त्याला थांबवलं. लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर तो पुन्हा हजर, कारण थांबवणं वेगळं आणि डिसेबल करणं वेगळं. डिसेबल केलं. पोर्ट तरी अडलेलाच! आता तिथे सॉकेट नावाची आणखी एक वस्तू बसली होती. तिचं काम एवढंच, की डीमन नसताना त्याची जागा धरून ठेवायची आणि कोणी दार वाजवलं की त्याला झोपेतून उठवायचं. इतकी निष्ठा मी माणसांत पाहिलेली नाही. तिलाही डिसेबल केलं, आणि मग माझा एमपीडी माझ्या नावाने सुरू झाला.

तिसऱ्या संध्याकाळी क्लायंटमध्ये गाणी दिसली. एंटर दाबलं. शून्य मिनिटं एक सेकंद, दोन सेकंद, तळाची रेघ पुढे सरकायला लागली. आवाज मात्र नाही.

लिनक्सवर आवाज हे एक मोठं एकत्र कुटुंब आहे. आल्सा साउंड कार्डाशी बोलतो. पल्सऑडिओ सगळ्या प्रोग्रामांचे आवाज गोळा करून आल्साकडे पोचवतो. आणि पाइपवायर हा नंतर आलेला, आता पल्सऑडिओच्या खुर्चीवर बसून त्याच्याच नावाने सह्या करतो. मी फाइलीत थेट आल्सा लिहिलं होतं, कारण मधल्या लोकांना टाळलं की आवाज शुद्ध राहतो असं जाणकार म्हणतात. आवाज आणखी शुद्ध राहावा म्हणून मिक्सर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारा, या शब्दापुढे 'नन', म्हणजे कोणी नको, असं लिहिलं. माझे कान असे, की दारावरची घंटा आणि फोन यांत माझी गल्लत होते. पण शुद्ध म्हणजे शुद्ध.

तर आल्साच्या यादीत पहिलं कार्ड होतं एचडीएमआयचं. माझं गाणं वाजत होतं, बिनचूक वाजत होतं आणि तारेतून मॉनिटरकडे जात होतं. मॉनिटरला स्पीकर नाही. तो बिचारा सगळी संध्याकाळ एकटाच ऐकत बसला होता. आउटपुट बदललं, तरी शांतताच. मग आल्सामिक्सर उघडला. एका पट्टीच्या तळाशी दोन एम दिसत होते, म्हणजे तोंड बांधलेलं. एम दाबलं, दोन एमच्या जागी दोन शून्यं आली, आणि बासरी! थाप! श्वास! मी लगेच बंद केलं, कारण आता पट्ट्या नाचवायच्या होत्या.

"चाललं ना ते?" बायको आतून म्हणाली. "मग बंद का केलंस?"

"आवाज येतोय का ते बघत होतो."

"आला की."

"हो. आता पट्ट्या."

तिने पट्ट्यांबद्दल काही विचारलं नाही. लग्नाला वर्षं झाली की काय विचारू नये हे माणसाला कळतं.

पट्ट्यांसाठी एमपीडीला दुसरं एक खोटं आउटपुट द्यायचं: फिफो, म्हणजे फाइलीच्या वेषातली नळी. एकीकडून भूत आवाज ओतणार, दुसरीकडून क्लायंट तो पिऊन पट्ट्या काढणार. तिथे ४४१००:१६:२ असं लिहावं लागतं. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, दोन चॅनल. पण ४४,१०० च का? पट्ट्या राहिल्या बाजूला आणि माझी एक रात्र या आकड्यामागे गेली. सुरुवातीच्या काळात डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत. चित्राच्या एका रेषेत तीन नमुने, एका फील्डमध्ये, म्हणजे अर्ध्या चित्रात, वापरण्याजोग्या २४५ रेषा, सेकंदाला ६० फील्ड. करा गुणाकार. मी केला, आणि तोही टर्मिनलमध्येच. रात्री दोन वाजता ४४,१०० हे उत्तर पाहून मला जो आनंद झाला तो सांगण्यासारखा माणूस घरात जागा नव्हता. क्लायंटच्या नव्या आवृत्तीत त्या नळीच्या सेटिंगचं नावच बदललंय, हे कळायला आणखी दोन रात्री लागल्या. पट्ट्या नाचल्या, पण थाप आणि पट्टी यांची चुकामूक होत राहिली. तरी मी ते बराच वेळ पाहिलं. आठ-आठ सेकंद.

एव्हाना मुलगी आरशासमोर केस विंचरताना ती बासरी गुणगुणायला लागली होती. थाप तोंडाने द्यायची, श्वास घ्यायची आणि थांबायची. तिच्या लेखी गाणं तेवढंच होतं.

मग टॅग, म्हणजे गाण्याच्या फाइलीतच लिहिलेली नाव-गायकाची नोंद. हा क्लायंट गाणी दाखवतो ती फाइलीच्या पोटातल्या टॅगांवरून, आणि माझ्या फाइलींच्या पोटात काय काय निघालं! एकच गायिका चार स्पेलिंगांनी चार जणी. 'ट्रॅक ०१' नावाची सतरा गाणी. काही टॅग तर १९९६ सालच्या पहिल्या पद्धतीचे: फाइलीच्या शेपटीला १२८ बाइटांची चिठ्ठी, त्यात नावाला जागा ३० बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं, म्हणजे कोणी तिथे देवनागरी कोंबायचं म्हटलं तर चिन्हं मावणार दहा. 'माझ्या' एवढं लिहिलं, की म, काना, झ, हलन्त, य, काना अशी सहा संपली. उरलेल्या चारांत 'मन' मावेल, 'मनातल्या' नाही.

नवे टॅग ऐसपैस असतात. मी तीन रविवार बसून सगळी नावं देवनागरीत लिहिली. आणि टर्मिनलने माझ्या मातृभाषेचं जे केलं ते बघवेना. टर्मिनल म्हणजे चौकटीची वही: एका चौकटीत एक अक्षर, शेजाऱ्याशी संबंध ठेवायचा नाही. आणि आपली अक्षरं तर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकल्याशिवाय उभी राहत नाहीत. 'स्वप्न' हे 'स् वप् न' झालं. पहिली वेलांटी आपलं अक्षर सोडून पुढच्याच्या गळ्यात पडली. मी चार टर्मिनलं बदलली. कुठे वेलांटी सुधारली तर रफार पळाला. सध्या मी शक्यतो जोडाक्षर नसलेली गाणी ऐकतो. पूर्वी मला गंभीर गाणी आवडत. आता सरळ नावाची आवडतात.

आता ऑफिसचं. त्या रात्री गाणं लावलं, श्वासापर्यंत आलं, आणि पट्ट्यांची चुकामूक पाहून वैतागून मी थेट लॅपटॉपच बंद केला. सकाळी सुरू करून घाईने ऑनलाइन मीटिंगमध्ये शिरलो. एक वरिष्ठ गंभीर आवाजात तिमाहीचा हिशेब सांगत होते, माझा माइक उघडा होता, आणि लॅपटॉपमधून एक बाई खणखणीत आवाजात गायला लागली. भुताने सगळं टिपून ठेवलं होतं. वाजत होतं, म्हणजे वाजत ठेवायचं. आठव्या सेकंदाला तुटलं, म्हणजे पुढून जोडायचं. बंद करायला खिडकी शोधली तर खिडकीच नाही. याला तोंड नाही हेच तर मला आवडलं होतं. थरथरत्या हाताने मी थांबवायची कमांड टाइप केली, 'एमपीसी स्टॉप', आणि एंटर दाबलं. कर्सर मीटिंगच्या चॅटमध्ये होता. वरिष्ठांनी ते वाचलं आणि ते थांबले. गाणं चालूच राहिलं.

सुरू होताना गाणं थांबलेलंच ठेव, असं सांगणारी एक ओळ असते. ती मी त्याच दुपारी लिहिली.

परवा रविवारी सगळं जमलं. थाप आणि पट्टी बऱ्यापैकी एका वेळी आल्या. बासरी झाली, थाप झाली, गायिकेने श्वास घेतला आणि सवयीने माझं बोट पॉजच्या बटणाकडे गेलं. मुलीने हात धरला. "बाबा, थांब ना."

गाणं पुढे गेलं. नववा सेकंद, दहावा. बायको हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहिली. "हे कुठलं नवीन लावलंस?"

"तेच आहे," मुलगी म्हणाली. "त्याच्या पुढचं."

बायको थोडा वेळ ऐकत राहिली. "छान आहे की. जरा मोठ्याने कर."

मी प्लसचं बटण दाबलं. आवाज होता तेवढाच राहिला आणि खिडकीच्या तळाशी एक ओळ उमटली. मिक्सरपुढचं ते 'नन' मला आठवलं.

"एक मिनिट हं," मी म्हणालो, आणि गाणं बंद करून एमपीडी डॉट कॉन्फ उघडली.